चाकांवरचे बिऱ्हाड
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आमच्या अमेरिकेतील प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत व मातापित्यांचे तिकडे जाणे होत असते. म्हणून निव्वळ स्थलवर्णनापेक्षा, त्या प्रवासात जे शिकावयास मिळाले तेच सांगणे उचित होईल.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी चिरंजीवांकडे होतो. त्यांनी सहा दिवसांकरिता एक मोटारघर भाड्याने घेतले. बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, शौचकूप, सारा संसार चाकांवर! सारथ्य चिरंजीवांचे, स्वयंपाकघर आमच्या सौभाग्यवतींचे. फीनिक्सहून ग्रँड कॅन्यन, तेथून पेज गाव, पुढे नवाहो लोकांच्या भूमीतील मॉन्युमेंट व्हॅली आणि परत, असा मार्ग ठरला.

या घरास तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची व मैल्याची. आमच्या गाडीत स्वच्छ पाणी सुमारे दीडशे लिटर मावे. नळ सोडला की एक टाकी उतरे, दुसरी चढे. नेमलेल्या तळावर पोहोचेपर्यंत भरणेही नाही आणि रिकामे करणेही नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या सौभाग्यवती दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी पहिल्याच सायंकाळी पाण्याचा कारभार हाती घेतला. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांस, स्नान अर्ध्या बादलीत! चिरंजीव प्रथम हसले. परंतु दोन दिवस टाकी पुरली, तेव्हा तेही तांब्या मोजून घेऊ लागले.

ग्रँड कॅन्यनची दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहूनही अधिक खोल आहे. ती कोरणारी कोलोरॅडो नदी काठावरून सुतळीएवढी दिसते. पेज येथे त्याच नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. जलाशयाभोवतीच्या तांबड्या कड्यांवर एक रुंद पांढरा पट्टा दिसतो. पूर्वी पाणी कोठवर होते, त्याची ती खूण.

याचे कारण हिशेबात आहे. १९२२ साली सात राज्यांनी या नदीची वाटणी केली. वरच्या व खालच्या खोऱ्यास वर्षाला प्रत्येकी ७५ लक्ष एकर-फूट पाणी ठरले. एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट. परंतु ज्या वर्षांच्या मोजणीवर हा आकडा बेतला, ती विशेष पावसाची होती. वाटणी कागदावर राहिली, पाणी घटत गेले, आणि आता ही नदी क्वचितच समुद्रास मिळते. २०२१ साली टंचाई प्रथमच अधिकृतपणे जाहीर झाली.

त्या वाटणीच्या वेळी तेथील मूळ रहिवाशांस कोणी विचारले नव्हते. नवाहो भूमीतील पुष्कळ घरांत नळ नाही. कुटुंबे गाडीत पिंपे घालून दुरून पाणी आणतात. त्यांच्यासाठी पाणी मिळवून देण्याचे बंधन १८६८ च्या तहाने सरकारवर येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. आम्ही सहा दिवस हौसेने जी काटकसर केली, ती तेथील माउलींस बारा महिने चुकत नाही. हे ध्यानी आल्यावर सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बंधुभगिनींनो, टाकी डोळ्यांसमोर असली म्हणजे हात आपोआप आवरतो. ती दृष्टीआड झाली की सात शहाणी राज्येही नसलेले पाणी वाटून मोकळी होतात. म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे. आपल्या वसतिगृहाच्या व मंगल कार्यालयाच्या टाकीशेजारी एक फळा लावावा, आणि रोज किती पाणी आले व किती उरले हे विद्यार्थ्यांनीच त्यावर लिहावे. पहिला खडू आम्ही देऊ.