थांबलेला आकडा

आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुणी ना कुणी रिफायनरीत, औषधांच्या कारखान्यात किंवा पाणी शुद्धीकरण केंद्रात काम करतं. त्यांची सगळी पाळी पडद्यावरचे आकडे बघण्यात जाते. त्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा, याबद्दल आज बोलूया.

11 डिसेंबर 2005, रविवार. लंडनच्या उत्तरेला, हेमेल हेम्पस्टेडजवळ बन्सफील्डचा इंधन डेपो. तिथल्या 912 क्रमांकाच्या टाकीत आदल्या संध्याकाळपासून पेट्रोल भरणं चालू होतं. पहाटे तीनच्या सुमारास पातळीचा आकडा थांबला. टाकी दोन तृतीयांश भरली आहे, असंच पडद्यावर दिसत राहिलं. प्रत्यक्षात तासाला सुमारे 550 घनमीटर, म्हणजे साडेपाच लाख लिटर पेट्रोल आत येतच होतं.

धोक्याचे अलार्म त्याच मापकावर अवलंबून होते. मापकच अडकला, तर अलार्म कुठून वाजणार? शेवटचा आधार होता एक स्वतंत्र स्विच. त्याच्या चाचणीच्या दांड्याला लागणारं कुलूप लावलेलं नव्हतं, त्यामुळे तोही चालला नाही. टाकी ओसंडली. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर पडलं आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. 43 माणसं जखमी झाली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

चौकशीत कळलं, की ऑगस्टअखेरपासून तो मापक 14 वेळा अडकला होता. कधी त्याची नोंद झाली, कधी नाही, आणि अडकण्याचं खरं कारण शेवटपर्यंत शोधलं गेलं नाही.

आकडा आलाच नाही, तर माणूस धावपळ करतो. जुनाच आकडा दिसत राहिला, तर तो निर्धास्त बसतो. म्हणून थांबलेला आकडा हरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त घातक.

मग काय करायचं? पहिलं, प्रत्येक आकड्यासोबत तो मोजल्याची वेळ हवी, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. दुसरं, संपर्क तुटला तर शेवटचा आकडा ताजा म्हणून दाखवू नये, त्यावर ‘अविश्वसनीय’ अशी खूण यावी. तिसरं, नेटवर्क बंद पडलं तर जागेवरच्या यंत्राने नोंदी साठवून नंतर पाठवाव्यात. तरीही खंड पडलाच, तर तो खंड म्हणूनच दिसावा. दोन टोकं सरळ रेघेने जोडून तो लपवू नये.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. खूण ‘ठीक’ असली, तरी आकडा खरा असेलच असं नाही, कारण अडकलेला मापकही वेळच्या वेळी उत्तर देतो. म्हणून दुसरी साक्ष काढा. टाकीत तासाला साडेपाच लाख लिटर येत असेल आणि पातळी तसूभरही हलत नसेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. हा हिशोब संगणकाला दर मिनिटाला करायला लावता येतो. फक्त ही दुसरी साक्ष पहिल्याच मापकाकडून घेतलेली नको.

तुमच्या घरातलं कुणी अशा पाळीवर जात असेल, तर आज जेवताना एवढंच विचारा: “तुमच्याकडे एखादा आकडा बराच वेळ हलला नाही, तर कळतं का रे कुणाला?”