कॅनिस्टरवर रीफ टँक चालतो का? जव्हार-मोखाड्यातल्या विजेचा आणि पाण्याचा हिशोब

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. ते खोडाळ्याचे, म्हणजे आपल्या मोखाडा तालुक्यातले. त्यांच्याकडे गोड्या पाण्याचा टँक आहे, त्याला कॅनिस्टर फिल्टर आहे आणि तो व्यवस्थित चालतोय. आता त्यांना खाऱ्या पाण्याचा रीफ टँक करायचाय. त्यांचा प्रश्न असा : "सम्पला जागा नाही. आहे तोच कॅनिस्टर लावला तर चालेल का? व्हिडिओ बघितले तर अर्धे म्हणतात चालतो, अर्धे म्हणतात सगळं मरेल."

उत्तर आधीच देऊन टाकतो. चालतो. पण कॅनिस्टरकडे बघायची पद्धत बदलावी लागते. गोड्या पाण्यात कॅनिस्टर म्हणजे जिवाणूंचं घर. रीफमध्ये तो फक्त कचऱ्याचा डबा. घर आपण सहसा हलवत नाही, पण डबा वेळच्या वेळी रिकामा करावाच लागतो. एवढं पाळलं तर प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा विजेचा आहे. व्हिडिओ करणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण त्यांच्याकडे लाइट जात नाही.

नवीन श्रोत्यांसाठी सांगतो : मी जव्हारला राहतो, बीटेक केलंय, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. माझा शंभर लिटरचा टँक दोन वर्षं कॅनिस्टरवर आहे. त्यात दोन क्लाउनफिश, मशरूम आणि झोआंथिड, बस. मोठं काही नाही.

नायट्रेटचा कारखाना, खरं किती?

कॅनिस्टर म्हणजे टँकच्या खाली ठेवलेला बंद डबा. पाणी नळीतून खाली येतं, स्पंज, सिरॅमिक रिंग, फ्लॉस यांतून जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. गोड्या पाण्यात गाडी इथे थांबली तरी चालतं. झाडं थोडं नायट्रेट खातात, गोल्डफिश ४० पीपीएमलाही निवांत फिरतो. म्हणून तिथे दोन-तीन महिने डबा उघडला नाही तरी कुणाचं बिघडत नाही.

रीफमध्ये मऊ प्रवाळांसाठी नायट्रेट साधारण ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.१ च्या खाली ठेवायचं असतं. अगदी शून्यही नको, शून्यावर प्रवाळ फिकट पडतात. म्हणजे पट्टा अरुंद आहे.

आता लोक म्हणतात, कॅनिस्टर हा नायट्रेटचा कारखाना आहे. हे अर्धंच खरं आहे. जेवढं खाणं टाकाल तेवढंच नायट्रेट होणार. ते खडकावर झालं काय आणि रिंगवर झालं काय, आकडा तोच. फरक कुठे पडतो? स्किमर कचरा कुजायच्या आधीच फेसातून बाहेर काढतो. कॅनिस्टर कचरा अडवतो, पण पाण्याच्या वाटेतच ठेवतो. पाणी स्वच्छ, चकचकीत दिसतं आणि घाण मात्र खालच्या डब्यात कुजत, विरघळत राहते. जलशुद्धीकरण केंद्रातल्या वाळूच्या गाळण्या उलट्या प्रवाहाने नियमित धुतात, ते याच कारणासाठी. गाळणी धुतली नाही तर ती गाळणी राहत नाही, गाळ होते.

म्हणून माझ्या डब्यात रिंग नाहीत. जिवाणूंची वस्ती टँकमध्येच, सच्छिद्र खडकावर. शंभर लिटरला दहा-बारा किलो खडक पुरतो. डब्यात फक्त स्पंज, फ्लॉस आणि कार्बनची एक पिशवी. फ्लॉस तीन-चार दिवसांनी बदलायचा, स्पंज दर रविवारी धुवायचा, कार्बन महिन्याने नवा. स्पंज धुवायला पाणी बदलताना काढलेलं पाणी वापरतो. वीस मिनिटांचं काम आहे. रविवारी हे होणार नाही असं वाटत असेल, तर कॅनिस्टर घेऊ नका. साधा हँगऑन स्किमर लावा आणि पाणी बदलत राहा.

खोडाळ्याच्या मित्राला एक खास सूचना. जुन्या डब्यातला मीडिया तसाच वापरू नका. गोड्या पाण्यातले जिवाणू एकदम खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, मरतात आणि उलट पाणी बिघडवतात. दुसरं म्हणजे त्या टँकमध्ये कधी तांबं असलेलं औषध टाकलं असेल तर स्पंज आणि नळ्या नव्याच घ्या. तांबं माशांना चालून जातं, पण प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी यांना ते विष आहे.

वरची साय

सम्पमध्ये पाणी पृष्ठभागावरून ओसंडून जातं, त्यामुळे तेलकट साय आपोआप निघून जाते. कॅनिस्टर पाणी खालून ओढतो. साय वर तशीच राहते आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळायला आडवी येते. उपाय सोपा आहे : परतीच्या नळीचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी खाली, थोडं वर वळवून ठेवा, म्हणजे पाणी सतत हलत राहील. पृष्ठभागावरून ओढणारी जोडणीही मिळते. आणि प्रवाळाला लागणारा प्रवाह कॅनिस्टरकडून मागू नका. डब्यावर लिहिलेला आकडा मीडिया नसतानाचा असतो. भरल्यावर आणि पाणी वर चढवताना त्याचा निम्मा मिळाला तरी खूप. प्रवाहासाठी वेव्हमेकर वेगळाच लागतो.

लाइट गेली की

आता मुख्य मुद्दा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. झाड पडलं, तार तुटली की दोन तास जातात, कधी आख्खी रात्र जाते.

उघड्या टँकमध्ये पाणी निदान हवेला तरी लागलेलं असतं. कॅनिस्टर बंद डबा आहे. पंप थांबला की आतलं पाणी जागच्या जागी राहतं, जिवाणू त्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मग स्वतःच गुदमरतात. त्यानंतर कुजणं सुरू होतं ते ऑक्सिजनशिवायचं. त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. डब्यात घाण जितकी जास्त, तितकं हे लवकर. पहाटे लाइट येते, तुम्ही झोपलेले असता, पंप आपोआप सुरू होतो आणि ते सगळं पाणी टँकमध्ये जातं. रात्रभर अंधारात ऑक्सिजन कमी झालेल्या टँकला तेवढा एक धक्का पुरतो. सकाळी उठून बघावं तर मासे तळाशी.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सगळं एकाच ठिकाणी अडकलेलं, ते गेलं की सगळं गेलं. वस्ती खडकावर ठेवायची ती यासाठीच. डबा बंद पडला तर फक्त गाळणं थांबतं, टँकचा श्वास थांबत नाही.

माझा नियम असा आहे. तासाभरात लाइट आली तर काही करायचं नाही. तीन-चार तास झाले की कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवायचा, म्हणजे तो आपोआप सुरू होणार नाही. लाइट आल्यावर डबा उघडायचा, आतलं पाणी फेकायचं, स्पंज धुवायचा, मगच चालू करायचा. वास आला तर फ्लॉस, कार्बन सरळ बाहेर.

इन्व्हर्टरवर आधी काय? वेव्हमेकर किंवा हवेचा छोटा पंप. बाकी सगळं नंतर. हवेचा पंप दोन-पाच वॅटचा असतो, बॅटरीवरचाही मिळतो. हिवाळ्यात दुसरा नंबर हीटरचा, कारण जव्हारची थंडी आणि २५-२६ अंशांचं पाणी यांचं जमत नाही. पण हीटर इन्व्हर्टर खाऊन टाकतो, म्हणून आधी टँकला गोधडी गुंडाळा. कॅनिस्टर यादीत शेवटी. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर हे पंप घुमतात आणि तापतात.

आणि हो, खारं पाणी वीज वाहून नेतं. नळीच्या सांध्यावर मिठाची पांढरी पुटं दिसली की समजा, तिथून झिरपतंय. रबरी रिंग साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, उंचावर. घरात लहान मुलं असतील तर हे आधी करा, मासे नंतर आणा.

पाणी कुठून आणायचं

डहाणूचा समुद्र दोन तासांवर आहे, तिथून कॅन भरून आणू का, असं बरेच जण विचारतात. नका आणू. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी मिसळून क्षारता घसरते. आरओ-डीआयचं पाणी आणि तयार रीफ मीठ, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, आणि मोजून ३५ पीपीटी. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी मात्र गोडंच घालायचं. मीठ उडून जात नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलतो. शंभर लिटरच्या टँकला आठवड्याला साधारण वीस लिटर आरओ पाणी लागतं, दहा बदलायला आणि दहा उडून गेलेलं भरायला. तेवढं काढताना घरगुती आरओ साधारण पन्नास लिटर बाहेर टाकतो. म्हणजे चार-पाच हंडे. मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यात मे महिन्यात पाड्यांवर टँकर येतो. बायका हंड्यासाठी उन्हात चालतात. अशा ठिकाणी छंदासाठी हंडे सांडणं मला पटत नाही. माझ्याकडे आरओचं टाकाऊ पाणी ड्रममध्ये जातं. लादी, संडास, कपड्यांचं पहिलं पाणी, सगळं त्यावर. ते गोडं असतं, फक्त क्षार जास्त, म्हणून कुंड्यांना बेताने. टँकमधून काढलेलं खारं पाणी मात्र झाडांना कधीच नाही. पुन्हा सांगतो : टँक शंभर लिटरपेक्षा मोठा करू नका. इथे तेवढाच शोभतो.

प्रवाळ कोणते

भारतात सगळे कठीण, रीफ बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच यादीत वाघ आहे, म्हणजे समजून घ्या. कुणी "समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक स्वस्तात देतो" म्हणालं तर नको म्हणा. आपलेच प्रवाळ, मालवणचे, अँग्रिया बँकेचे, आधीच तापत्या पाण्यात आहेत. कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक घ्या, त्यावर जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो, बसतात. क्लाउनफिश पैदास केलेलाच मागा. आपल्या देशात त्याची पैदास होते, समुद्रातून धरायची गरज नाही. झोआंथिड हाताळताना हातमोजे घाला. काहींमध्ये जबर विष असतं. तो खडक घासायचा नाही, उकळायचा तर मुळीच नाही.

मग सुरुवात कधी?

मे महिन्यात पाणी नाही, पावसाळ्यात लाइट नाही. म्हणून ऑक्टोबर. विहिरी भरलेल्या असतात, वीज जरा स्थिर होते. ऑक्टोबरात खडक आणि खारं पाणी, डिसेंबरपर्यंत अमोनिया-नायट्राइट शून्य, मग पहिला मासा, जानेवारीनंतर पहिलं मशरूम. जून येईपर्यंत टँक मुरलेला असतो आणि लाइट जाण्याचा सराव तुम्ही हिवाळ्यातच करून घेतलेला असतो. हो, सराव. रविवारी मुद्दाम चार तास मेन स्विच बंद करा आणि बघा काय काय थांबतं.

तर खोडाळ्याच्या मित्रा, तुमचा कॅनिस्टर चालेल. रिंग काढा, स्पंज नवा घ्या, रविवार राखून ठेवा आणि आधी हवेचा पंप विकत घ्या, मासा शेवटी. काही अडलं तर मेसेज करा. पुढच्या भागात पाण्याच्या चाचण्यांबद्दल बोलू : कोणत्या किट खरंच लागतात आणि कोणत्या नाही. तोवर, भेटू.