पावती खरी, पण गोदामात पोती आहेत का?

(बुलढाणा जिल्ह्यातील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि बहिणींनो, क्रिप्टो हलाल की हराम, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा माझ्या अधिकारातला नाही, तो मुफ्ती साहेबांना विचारा. पण तुमच्यातल्या काहींच्या मोबाइलमध्ये वॉलेट आहे, हे मला ठाऊक आहे. कोणाचे त्यात सोयाबीनचे पैसे आहेत, कोणाचे आखातातल्या भावाने पाठवलेले. ते पैसे कोणाच्या भरवशावर इकडून तिकडे जातात, एवढंच आज बोलू.

सोयाबीनचा भाव पडला की आपला शेतकरी काय करतो? माल बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, पावती घेतो आणि त्यावर तारण कर्ज उचलतो. क्रिप्टोतला ‘ब्रिज’ पुष्कळसा असाच चालतो. इथेरियमची साखळी वेगळी, सोलानाची वेगळी, आणि एकीला दुसरीतलं काही दिसत नाही. म्हणून इथेरियमवरचं नाणं तिथेच कुलपात ठेवतात आणि सोलानावर तेवढ्याच किमतीची पावती छापतात. माल खरंच आत आला, हे सोलानाला कोण सांगतं? मधला माणूस, म्हणजे गोदामाचा किल्लीवाला. सगळी गोम तिथेच आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल नावाच्या ब्रिजवर सही तपासण्याच्या कोडमध्ये चूक राहिली होती. चोराने एक पोतंही आत न ठेवता १ लाख २० हजार इथरची पावती छापून घेतली आणि बहुतेक पावत्या दाखवून दुसऱ्या दारातून खरा माल नेला. ३२ कोटी डॉलरच्या आसपास.

पुढच्याच महिन्यातली रोनिन ब्रिजची चोरी मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. तिथे नऊ किल्लीवाले होते. पाच जणांनी सही केली की कुलूप उघडायचं. ऐकायला भक्कम वाटतं ना? पण नऊपैकी चार किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये गर्दी वाढली, म्हणून पाचव्या किल्लीवाल्या संस्थेने त्या कंपनीला आपल्या वतीने सही करायची परवानगी दिली. तात्पुरती. डिसेंबरमध्ये गरज संपली, पण परवानगी काढून घ्यायची राहून गेली. २३ मार्चला चोर त्या एका कंपनीत शिरले आणि त्यांच्या हाती पाचही सह्या आल्या. ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली, आणि सहा दिवस कोणाला पत्ताही नव्हता. एका ग्राहकाला पैसे काढता येईनात, तेव्हा २९ तारखेला गोदाम रिकामं असल्याचं कळलं. नंतरच्या बातम्यांनुसार चोर आत शिरले ते एका इंजिनिअरला पाठवलेल्या खोट्या नोकरीच्या ऑफरमधून. नोकरी शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अनोळखी ‘एचआर’ने पाठवलेली फाइल उघडताना ज्या लॅपटॉपवर वॉलेट आहे, तो वापरू नये.

‘झिरो ट्रस्ट’ हा शब्द अशाच अनुभवांतून आला. जॉन किंडरवॅग या अमेरिकन विश्लेषकाने २०१० मध्ये तो रूढ केला. अर्थ सोपा आहे: माणूस आतला आहे, ओळखीचा आहे, काल तपासला होता, म्हणून आज सोडायचं नाही. दर वेळी नव्याने तपासायचं, कामापुरतीच परवानगी द्यायची आणि काम झालं की काढून घ्यायची. रोनिनमध्ये नेमकं हेच शेवटचं राहिलं.

हे फक्त परदेशातच घडतं असं नाही. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. तिथेही अनेक सह्यांचं कुलूप होतं. पडद्यावर एक व्यवहार दिसला आणि सही दुसऱ्यावरच झाली, असं कंपनीने सांगितलं. वॉलेट सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीने आपली यंत्रणा फुटल्याचं नाकारलं. दोघांच्या वादात ग्राहकांचे पैसे मात्र वर्षाहून जास्त काळ अडकले.

पुण्याचा प्रकार आणखी बोलका आहे. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी दोन तांत्रिक जाणकार मदतीला घेतले. त्यातले एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो स्वतःकडे वळवलं आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉट बदलले, असा आरोप होता. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण व्यवहार जाहीर ब्लॉकचेनवर असताना पुरावा म्हणून स्क्रीनशॉट का चालावा?

आपल्यात कोणी म्हणेल, एवढा संशय बरा नाही, भरोसा हीच आपली रीत. मला हे पटत नाही. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे आणि ती उधारीच्या व्यवहाराची लिखापढी व साक्षीदार यांबद्दल आहे. ती ईमानवाल्यांना उद्देशून आहे, चोरांना नव्हे. लिहून मागणं हा भावाचा अपमान नाही. उलट, शेजारी सफमध्ये उभा राहतो म्हणून ज्याची स्कीम न तपासता आपण घेतो, तोच आपल्याला सहज बुडवू शकतो.

आता तुमच्या मोबाइलपुरतं बोलतो. यूएसडीटी ट्रॉनवरही असतं आणि इथेरियमवरही. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नेटवर्क जुळतं का, ते आधी पाहा आणि पहिल्यांदा थोडेच पाठवा. पत्ता पूर्ण वाचा. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं जुळणारा खोटा पत्ता चोर मुद्दाम तुमच्या जुन्या व्यवहारांत पेरतात. एखाद्या अ‍ॅपला टोकन काढण्याची अमर्याद परवानगी दिली असेल, तर आज रात्रीच रद्द करा. अ‍ॅपमधून नुसतं बाहेर पडल्याने ती जात नाही. वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द फोटोत नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ‘सपोर्ट’वाल्याला तर मुळीच नको.

आणि बँक खातं भाड्याने देऊ नका. “तुझ्या खात्यात पैसे येतील, तू यूएसडीटी घेऊन पुढे पाठव, कमिशन तुझं,” असं सांगणारा बहुधा कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसे तुमच्या नावावर धुऊन घेत असतो. साखळ्या ओलांडत तो नाहीसा होतो. गोठतं तुमचं खातं, पोलिसांची नोटीस तुमच्या घरी येते, आणि “मला माहीत नव्हतं” हे सिद्ध करत फिरावं लागतं तुमच्या अब्बांना.

फसलात तर लाजून घरी बसू नका. १९३० वर लगेच फोन करा. रुपये अजून बँकेत असतील तर थांबवता येतात. क्रिप्टो उलटं फिरवता येत नाही, पण ते एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचलं तर तिथे अडवण्याची शक्यता उरते. त्यासाठी व्यवहाराचा हॅश, दोन्ही पत्ते, वेळ आणि नेटवर्कचं नाव लिहून ठेवा. स्क्रीनशॉट सोबत जोडा, पण हॅश आधी द्या. तो कोणालाही ब्लॉकचेनवर स्वतः तपासता येतो.