आधी हॉल, मग प्रोजेक्टर

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाच्या सभेत, सांस्कृतिक समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर सहावा विषय आहे 'सभागृहासाठी नवीन प्रोजेक्टर'. दोन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच विषयाची चर्चा चालू आहे. ए विंग म्हणते लेझरच घ्या, बी विंग म्हणते मोठा टीव्ही लावा, आणि तरुण मंडळी म्हणतात, "काका, ऑनलाइन सात-आठ हजारांत मिळतो की!" सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण त्याआधी एक कबुली देतो. जुना प्रोजेक्टर 11 वर्षांपूर्वी मीच पसंत केला होता आणि ती पसंती चुकली होती.

चूक कुठे झाली ते सांगतो. मी दुकानात गेलो. तिथे काळ्या भिंतींची, पूर्ण अंधारी खोली होती. त्यांनी पडद्यावर फुलांचा आणि समुद्राचा व्हिडिओ दाखवला. मी भारावलो आणि तिथेच पावती फाडली. आपल्या हॉलला पश्चिमेकडे चार खिडक्या आहेत, भिंती पांढऱ्या ऑइलपेंटच्या आहेत आणि आपण सिनेमा लावतो रविवारी संध्याकाळी पाच वाजता, हे मला त्या खोलीत आठवलंच नाही.

मंडळी, एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळा रंग टाकू शकत नाही. सिनेमातली काळी रात्र म्हणजे पडद्याचा तेवढा भाग कोरा सोडलेला असतो. त्यामुळे खोलीत जितका अंधार असेल तितकीच ती रात्र काळी दिसणार. खिडकीतून ऊन आलं की रात्र राखाडी होते, माणसांचे चेहरे पुसट होतात. तिथे कितीही महागडं मशीन आणलं तरी ते काळं देऊ शकत नाही. काळं आपल्या हॉलनेच द्यायला हवं.

परीक्षा सोपी आहे. रविवारी पाच वाजता पडदे ओढा, दिवे बंद करा आणि पडद्याजवळ उभं राहून वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचा. वाचता आली, तर हॉल अजून सिनेमाला तयार नाही. मी गेल्या रविवारी अख्खं संपादकीय वाचून काढलं!

आता थोडा हिशोब. घाबरू नका, चौथीचं गणित आहे. आपला हॉल 30 फूट लांब, 20 फूट रुंद. पडदा 8 फूट रुंद आणि साडेचार फूट उंच घ्यायचं ठरतंय, कारण आजचे बहुतेक कार्यक्रम आणि मॅच याच मापात येतात. म्हणजे क्षेत्रफळ 36 चौरस फूट. चित्रपटगृहात डिजिटल चित्राच्या पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट उजेड असावा असं प्रमाण आहे. 36 गुणिले 14, म्हणजे साधारण 500. साध्या पांढऱ्या पडद्याला पूर्ण अंधारात फक्त 500 लुमेन पुरतात! मी जुना घेताना 2,000 वाला घेतला होता, तरी चित्र फिकट. कारण बाकीचा उजेड उन्हाशी भांडण्यात जात होता.

मात्र 500 पुरतात म्हणून 500 चाच घ्यायचा नाही. सिनेमाला रंग नीट दिसावेत म्हणून जी सेटिंग वापरतात, तिच्यात उजेड कमी होतो. दिवा जुना झाला की आणखी कमी. शिवाय वार्षिक सभेत सचिव ताळेबंद दाखवतात, तेव्हा आपण ट्यूबलाइट चालू ठेवतो. हे सगळं धरून 3,000 ते 3,500 लुमेन आपल्याला योग्य. पण ते 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' लुमेन असले पाहिजेत. ऑनलाइन सात-आठ हजारांच्या खोक्यावर 9,000 लुमेन छापलेलं असतं, त्यापुढे ही अक्षरं आहेत का ते बघा. नसली, तर तो आकडा कसा मोजला ते छापणाऱ्यालाच ठाऊक. तसंच 'फोर-के सपोर्टेड' याचा अर्थ फोर-के चित्र आत घेतो एवढाच. बाहेर किती ठिपक्यांनी दाखवतो ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन' समोर लिहिलेलं असतं. आपल्याला तिथे 1920 बाय 1080 हवं. जुन्यात रुंद सिनेमा लावला की जेमतेम 6 लाख ठिपके कामाला यायचे, यात 20 लाखांवर येतील.

दुसरा प्रश्न पंख्याचा. हसू नका. 11 वर्षं प्रोजेक्टर आपण पहिल्या रांगांमध्ये टेबलावर का ठेवला? छताला लावला असता तर पंख्याची पाती प्रकाशाच्या आड आली असती म्हणून. टेबलावरून तो वर तिरका करायचा, मग चित्राचा आकार फाकतो, तो बटण दाबून चौकोनी करायचा. त्या 'कीस्टोन'मध्ये काही ठिपके वाया जातात आणि अक्षरं बोथट होतात. वर कोणी पाण्याला उठलं की पडद्यावर त्याचं डोकं!

प्रोजेक्टर किती लांब लावायचा हे 'थ्रो रेशो' सांगतो. 1.2 ते 1.5 असेल तर 8 फुटांच्या पडद्यासाठी साडेनऊ ते 12 फूट अंतर लागतं. आपला मधला पंखा नेमका 10 फुटांवर आहे. 'शॉर्ट थ्रो' घेतला तर तो 4 फुटांवर, पंख्याच्या अलीकडे बसेल, पण तो महाग पडतो आणि पडद्याला जरा सुरकुती असली तरी चित्र वाकडं दिसतं. त्यापेक्षा छतावरचे पंखे काढून भिंतीवर चार पंखे लावणं मला शहाणपणाचं वाटतं.

आता ए विंगचं लेझर. लेझर चांगलाच असतो. लगेच सुरू होतो, उजेड हळू उतरतो, दिवा बदलावा लागत नाही. कंपन्या 20,000 तास सांगतात. पण सिनेमे, मॅच, मुलांचे कार्यक्रम धरून आपला वापर वर्षाला साधारण अडीचशे तास. 20,000 तास म्हणजे 80 वर्षं. तोवर इमारत पुनर्विकासाला जाऊन पुन्हा पुनर्विकासाला येईल! 4,000 तासांचा दिवा आपल्याला 16 वर्षं पुरतो. फक्त तो दिवा बाजारात मिळतो का, कितीला मिळतो, हे आधी विचारून घ्यायचं. जुन्याचा अस्सल दिवा मिळेनासा झाला, म्हणून तर आज हा विषय आला.

बी विंगचा टीव्हीही वाईट नाही, उजेडात तोच सरस. पण 75 इंची टीव्ही आपल्या पडद्याच्या निम्म्याहून लहान पडतो. शेवटच्या रांगेतून, 30 फुटांवरून, त्यावरची अक्षरं वाचायची म्हणजे कठीण.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभा राहिलो, ती सांगतो.

तळमजल्यावरच्या आजी आज समोरच बसल्या आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, हल्ली सिनेमा धूसर दिसतो रे." मी म्हटलं, "आजी, वय झालं, डोळे तपासून घ्या." त्यांनी तपासले, चष्मा बदलला. तरी धूसरच. मग त्या पहिल्या रांगेत बसू लागल्या आणि पुढे यायच्याच बंद झाल्या. आपण 'श्यामची आई' लावला होता, 1953 सालचा, कृष्णधवल, त्यात अंधारातले प्रसंग. त्या दिवशीही त्या आल्या नाहीत.

दिवा गेला तेव्हा मी पहिल्यांदा मेनूमध्ये जाऊन तास पाहिले. 2,800. दिव्याचं आयुष्य 3,000. कंपनी ज्याला आयुष्य म्हणते, ते मुळात उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं असतं. फिल्टर काढला तर त्यावर 11 वर्षांची धूळ फेल्टसारखी बसलेली. उजेड रोज इतका थोडा थोडा उतरला की आम्हा रोज बघणाऱ्यांना कळलंच नाही. एकट्या आजींना कळलं आणि मी त्यांच्या डोळ्यांना दोष दिला. आजी, दोष तुमच्या डोळ्यांचा नव्हता. सर्वांसमोर माफी मागतो.

म्हणून समितीच्या वतीने पाच गोष्टी सभेपुढे ठेवतो. एक, मंजूर रकमेतून आधी खिडक्यांना जाड, उजेड अडवणारे पडदे आणि पडद्यामागच्या भिंतीला व छताच्या पुढच्या भागाला चकाकी नसलेला गडद रंग. दोन, पंखे भिंतीवर. तीन, उरलेल्या रकमेत प्रोजेक्टर. चार, विक्रेत्याने मशीन आपल्या हॉलमध्ये, रविवारी पाच वाजता आणून दाखवायचं, आणि फुलांऐवजी 'श्यामची आई' लावून दाखवायचं. पाच, एक वही. किती तास चालला, फिल्टर कधी साफ केला, याची नोंद. आणि मुलांनो, सिनेमा संपला की आतला पंखा थांबेपर्यंत प्लग खेचायचा नाही!

पसंती कोणी करायची? मी करणार नाही, माझी झाली एकदा करून. त्या रविवारी आजी शेवटच्या रांगेत बसतील. त्यांना चेहरे ओळखू आले, तर पावती फाडायची.