मोजायचंच असेल तर शाळा मोजा
(प्रतापनगर, नागपूर येथील युवकांच्या बैठकीतील भाषण)



२०२२ साली या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. आकडा सरकारचाच. त्यात १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणून आता शाळाशाळांत कार्यक्रम होतात. पाहुणा येतो, ‘खंबीर व्हा’ म्हणतो, फॉर्म भरून घेतो. पोरं लिहितात, छान वाटलं. झाला कार्यक्रम यशस्वी!

मी विचारतो, कुणाच्या मापानं?

युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांतल्या ११,११० पोरापोरींवर अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. काही शाळांत शिक्षकांना शिकवलं, धोक्यातलं पोर कसं ओळखावं. म्हणावा तसा फरक पडला नाही. काही शाळांत पोरांनीच आपले पेच नाटकासारखे करून पाहिले, त्यावर आपसात बोलले. तीन महिन्यांनी मोजलं, फरक नाही. बारा महिन्यांनी मोजलं, तर आत्महत्येचे प्रयत्न इतर शाळांच्या निम्म्यावर. म्हणजे कार्यक्रम संपल्यासंपल्या भरलेला फॉर्म रद्दीत घाला. वर्षानं या, मग विचारा.

युरोप लांब आहे म्हणाल, तर बिहारमधलं नालंदा घ्या. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेनं तिथल्या ७४ सरकारी हायस्कुलांत काम केलं. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, एकट्यानं बोलायला जागा. हे शिक्षकावर सोपवलं तिथं काही हललं नाही. त्यासाठीच नेमलेल्या साध्या माणसानं, डॉक्टर नसलेल्यानं केलं, तिथं पोरांची उदासी घटली, दादागिरी आणि मारहाणही घटली. मी याचा अर्थ असा लावतो : ज्याच्या हातात मार्क, त्याच्यापाशी पोर तोंड उघडत नाही.

आता आपलं. रोहित वेमुला गेला २०१६ साली, डॉ. पायल तडवी २०१९ साली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, दोघी आया सुप्रीम कोर्टात गेल्या. शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा, ही त्यांची मागणी. पोरगं कमजोर होतं असं एकदा ठरवलं की संस्था सुटते, हे त्यांनी ओळखलं.

म्हणून मोजणीचे प्रश्न आपण काढू. आडनाव कळल्यावर वागणं बदललं का? स्कॉलरशिपवाल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचली का? पेटीतल्या चिठ्ठीचं पुढं काय झालं? फायदा कोणत्या जातीच्या पोरांपर्यंत पोचला? उत्तरं शाळेबाहेरच्यानं उघडावीत, नावाशिवाय.

आणि एक ध्यानात ठेवा. पोरांचं नेतृत्व म्हणजे पोरांच्या डोक्यावर सगळं ओझं नव्हे. दोस्त मरणाचं बोलला, तर सरळ विचारा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका. ते गुपित ठेवायचं नसतं. भरवशाच्या मोठ्या माणसाकडं न्या. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक नेमा. शाळा आली, कॉलेज आलं, कोचिंग क्लासही आला. उद्यापासून प्रतापनगरातल्या एकेका दारात जाऊन विचारू : नेमला का? कोण आहे? पोरं त्याच्याकडं जातात का?

उत्तर लिहून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जायचं आहे.

जयभीम.