‘गोमन्तक’ : एका दैनिकाची वाटचाल



शताब्दीनिमित्त ‘गोमन्तक’ दैनिकाविषयी बोलावे, अशी आज्ञा झाली. ती मी आनंदाने शिरोधार्य मानली. ग्रंथप्रेमींना कितीही खटको, वाचनालयातील सकाळची वर्दळ वर्तमानपत्रांसाठीच असते!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि अवघ्या तीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ रोजी, ‘गोमन्तक’ सुरू झाला. चौगुले उद्योगसमूहाचे पाठबळ होते; संपादक होते बा. द. सातोस्कर. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे या त्वरेचे मोल कळते. ‘ओ एराल्दो’ हे दैनिक १९०० पासून निघत होते, पण पोर्तुगीज भाषेत. घरात कोकणी बोलणाऱ्या आणि पोथी, कीर्तन, नाटक मराठीतून अनुभवणाऱ्या माणसाला आता रोजची बातमीही मराठीत मिळू लागली. मांडवी आणि झुवारी या नद्यांवर तेव्हा पूल नव्हते. पैलतीरी जायचे तर फेरीबोट गाठावी लागे.

या पत्राने विलीनीकरणाची बाजू घेतली. विरोधात उभा राहिला ‘राष्ट्रमत’, तोही मराठीच. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्यातलेच. कोकणीच्या वेगळ्या अस्मितेचा लढा मराठी गद्यातून लढला गेला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला मोठी मनोज्ञ वाटते. दोन्हीकडची लेखणी तिखट होती. कधी कधी, माझ्या मते, गरजेपेक्षा अधिक. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडली.

‘गोमन्तक’ची बाजू हरली, वाचक मात्र टिकला. पुढे माधव गडकरींसारखे संपादक लाभले. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली, तरी मराठी दैनिकांचे वाचन थांबले नाही. मत पटले नाही म्हणून वाचक भाषा सोडत नाही, असा याचा अर्थ मी लावतो.

वर्तमानपत्राचा कागद मात्र अल्पायुषी. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ यांचे १९६७ पूर्वीचे अंक ज्यांच्या माळ्यावर असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता ग्रंथालयाकडे सुपूर्द करावेत. दोहोंच्या संचिका एकाच कपाटात, शेजारी शेजारी ठेवाव्यात, अशी पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे.