परीक्षा शिकवणाऱ्याची

शाळामास्तराला डी.एड., बी.एड. लागतं. कॉलेजच्या प्राध्यापकाला एम.ए. आणि नेट-सेट नाहीतर पीएच.डी. पुरते. शिकवता येतं का, हे कुणी विचारत नाही. 1986च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. वस्तीतल्या पोरापर्यंत त्यातलं काय पोचलं? ठाणे-कल्याणकडच्या तरुण प्राध्यापकांना मी एवढंच सांगत आलो: नापास पोरगा कुठून येतो ते बघा. रात्रपाळी करून डोंबिवलीला लोकल पकडणाऱ्याला 'मठ्ठ' म्हणू नका. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. तिथं वेळापत्रक पोरांसाठी वाकलं. आपलं शिकवणं का वाकत नाही? पोरांनो, तासाला कळलं नाही तर उठा, विचारा. तो तुमचा हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे.